अंथरूण पाहून साप पाळावा

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती थोड्या कमी केल्यात, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

बाहेर धो धो पाऊस चाललाय, त्यामुळे मागे पत्र्यावरचा आवाज ऐकू आला तर जरा समजून घ्या.

आजचा विषय एका मेलमुळे ठरला. लालबागहून एका मुलाने लिहिलंय. वय 19, कॉलेजात आहे. तो म्हणतो, "ताई, ओळखीतला एक जण मला कॉर्न स्नेकचं पिल्लू देतोय. घरात मी, आई, बाबा, आजी आणि धाकटी बहीण. खोली 10 बाय 16, वर पोटमाळा. माझ्याकडे दोन फुटांचा जुना फिश टँक पडून आहे. तेवढा पुरेल ना? साप तर काय, गुंडाळूनच बसतो."

मेल मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी स्वतः बोलले होते. आमच्या गिरगावच्या खोलीत, आईसमोर उभी राहून. "अगं, साप गुंडाळूनच बसतो, त्याला किती जागा लागणार?"

तर आज त्या वाक्याचाच समाचार घेऊया. कॉर्न स्नेकला घर किती मोठं हवं, ते कसं मोजायचं, आणि आपल्याकडच्या, म्हणजे गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या खोल्यांमध्ये ते बसतं का. शेवटी त्या मुलाला उत्तरही देते.

टोपलीतला साप

आधी हे वाक्य येतं कुठून ते बघू. आपण लहानपणी साप कुठे पाहिला? नागपंचमीला गारुडी यायचा. त्याच्या खांद्यावर कावड, कावडीला टोपल्या. टोपलीचं झाकण काढलं की आत वेटोळं. बत्तीस शिराळ्याचं तर सगळ्यांना माहीत आहे. तिथे नाग पकडून पंचमीपर्यंत मडक्यात ठेवायचे, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधायचे. पुढे न्यायालयाने ते थांबवलं. पण आपल्या डोक्यातलं चित्र काही बदललं नाही. साप म्हणजे वेटोळं, आणि वेटोळ्याला लागते टोपलीएवढी जागा.

आता हे बघा. माणूस झोपतो तेव्हा पाय पोटाशी घेतो. आमच्या चाळीत तर पाहुणे आले की सगळेच तसे झोपायचे. म्हणून कुणी म्हणेल का, की माणसाला अडीच फुटांची जागा पुरते? साप दिवसा वेटोळं करून बसतो कारण ती त्याची विश्रांतीची वेळ असते. कॉर्न स्नेक मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री हिंडणारा प्राणी. आपण त्याला बघतो दिवसा, आणि तो हिंडतो तेव्हा आपण झोपलेलो असतो. त्याचं खरं आयुष्य आपल्या नजरेस पडतच नाही.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी आहे. पाइनच्या जंगलात, शेताच्या कडेला, धान्याच्या कोठारात उंदरांमागे फिरतो. मक्याच्या कोठारांपाशी सापडायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. काही जण म्हणतात पोटावरची नक्षी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून. तो झाडावर चढतो, बिळात शिरतो, एका रात्रीत बरंच अंतर कापतो. आणि नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं जगतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा मका

माझ्या सापाचं नाव मका. कॉर्न स्नेक म्हणून मका, दुसरं काय ठेवणार! शेजारच्या काकू पहिले दोन महिने समजत होत्या की मी घरात कणसं साठवतेय.

तो आला तेव्हा माझ्या वितीएवढा होता. प्लॅस्टिकच्या डब्यात आला. मी दोन फुटांचा टँक घेतला. 24 इंच लांब, 12 रुंद, 12 उंच. त्यात तो हरवून जायचा. मला वाटलं, चला, याच्यासाठी राजवाडाच झाला. आई म्हणाली, "मोठा झाला की काय करशील?" मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा बघू."

मंडळी, साप पाळणाऱ्यांच्या तोंडचं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. तेव्हाचं तेव्हा बघू.

पहिल्या वर्षी तो झपाट्याने वाढला. तिसऱ्या वर्षी चार फुटांच्या वर गेला. टँक तोच, दोन फुटांचा. कारण तो ठेवला होता कपाट आणि शिलाई मशीनच्या मधल्या फटीत, आणि त्या फटीत त्याच्याहून मोठं काही मावतच नव्हतं. मग रात्री एक आवाज यायला लागला. काचेवर काहीतरी घासल्यासारखा. मी मैत्रिणींना सांगायचे, "बघ, कसा खेळतो रात्री."

एके दिवशी पाहिलं तर त्याच्या नाकाच्या टोकावरचा खवला निघाला होता, आत लाल दिसत होतं. डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एकच विचारलं, "टँक किती मोठा आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग हा खेळत नाही. हा बाहेर पडायची वाट शोधतोय."

त्या दिवशी घरी येऊन मी आईच्या शिवणकामाची टेप घेतली आणि पहिल्यांदा नीट मोजमाप केलं. साप 4 फूट 1 इंच. टँक 2 फूट. म्हणजे मोठा झाल्यापासून या जिवाला एकदाही सरळ होता आलं नव्हतं.

मोजायचं कसं

तर हे मोजमाप तुम्ही साप आणायच्या आधी करा, माझ्यासारखं तीन वर्षांनी नको.

पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक साधारण 3 ते 5 फूट होतो, म्हणजे 90 ते 150 सेंटिमीटर. क्वचित त्याहून जास्त. पिल्लू बघून त्याची शेवटची लांबी कुणालाही सांगता येत नाही. त्यामुळे हिशोब चार-पाच फुटांचा धरायचा.

जुना नियम असा होता: पेटीची लांबी अधिक रुंदी म्हणजे सापाची लांबी. आजही बरेच जण हाच सांगतात. करून बघूया. साप 120 सेंटिमीटरचा. नियमाप्रमाणे पेटी झाली 80 लांब आणि 40 रुंद. बेरीज 120, नियम पाळला. पण 80 बाय 40 च्या पेटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तरी 90 सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे नियम पाळूनही साप सरळ होऊ शकत नाही, तिरकासुद्धा नाही. हा नियम सापाच्या सोयीचा नाही. कमी जागेत जास्त पेट्या मांडणाऱ्याच्या सोयीचा आहे.

आता जो धरला जातो तो साधा आहे. पेटीची लांबी किमान सापाच्या लांबीएवढी. रुंदी त्याच्या निम्मी. उंचीही निम्मी, कारण हा चढणारा साप आहे. चार फुटांच्या सापाला 4 बाय 2 बाय 2 फूट. पाच फुटांचा झाला तर 5 बाय अडीच. हे किमान बरं का. त्याहून मोठं देता आलं तर उत्तमच.

कुणी म्हणेल, सरळ व्हायची एवढी काय गरज? 2019 मध्ये वॉरविक, अरिना आणि स्टीडमन या अभ्यासकांनी बंदिस्त सापांच्या जागेवर एक शोधनिबंध लिहिला. वेगवेगळ्या जातींच्या सापांचं एकेक तास निरीक्षण केलं. त्या तासाभरातच एक तृतीयांशाहून जास्त साप सरळ किंवा जवळजवळ सरळ पसरलेले दिसले. म्हणजे सरळ होणं ही सापाची रोजची गरज आहे, चैन नाही. विचार केला तर पटतं. सापाचं शरीर म्हणजे एक लांब नळी. फुप्फुस लांबट, पोट लांबट, पाठीचा कणा तर विचारूच नका. खाल्लेलं पुढे सरकायला, स्नायू ताणायला अंग मोकळं करावं लागतं. पाळलेल्या कॉर्न स्नेकमध्ये लठ्ठपणा ही नेहमीची तक्रार आहे. खायला वेळच्या वेळी, हलायला जागा नाही. दुसरं काय होणार?

पाळलेल्या सापाची लांबी मोजायची असेल तर ओढून ताणून मोजू नका. तो पेटीच्या कडेने सरकत असताना फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. किंवा सुतळी त्याच्या अंगाच्या वळणावरून बाहेरून फिरवा आणि मग सुतळी मोजा. कात मोजून फसू नका. कात निघताना ताणली जाते, ती सापापेक्षा बरीच लांब भरते.

"पिल्लू मोठ्या घरात घाबरतं"

हा प्रश्न नेहमी येतो. मोठ्या पेटीत पिल्लू बावरतं, खात नाही, म्हणून लहान डब्यात ठेवा.

यात अर्धं खरं आहे. रिकाम्या मोठ्या पेटीत पिल्लू घाबरतं. मोकळ्या मैदानात उंदीर घाबरेल तसंच. पण त्याला भीती असते ती आडोसा नसल्याची. जागा मोठी आहे याचं त्याला काही नाही. पेटी भरा. पिल्लासाठी करवंटी उपडी घाला, बाजूने एक खाच पाडा. मोठ्यासाठी काठ फुटलेली कुंडी. पेरूची किंवा आंब्याची फांदी उकळत्या पाण्याने धुऊन, कडक उन्हात वाळवून आडवी लावा. प्लॅस्टिकच्या वेली, पुठ्ठ्याच्या नळ्या, काहीही. लपायच्या जागा किमान दोन, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. नाहीतर होतं काय, की साप ऊब आणि सुरक्षितता यातलं एकच निवडतो, आणि बहुतेक वेळा सुरक्षितता निवडून गारठत बसतो.

2021 मध्ये इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी खास कॉर्न स्नेकवरच अभ्यास केला. एकीकडे साधी पेटी, दुसरीकडे लपायला, चढायला सामान असलेली पेटी. निवडायची संधी दिल्यावर सापांनी सामान असलेली पेटी पसंत केली. म्हणजे आकार पहिला, पण नुसता आकार पुरत नाही.

पिल्लाला सुरुवातीला दोन फुटांची पेटी द्यायला माझी हरकत नाही. खातंय की नाही ते बघता येतं, शोधाशोध होत नाही. अट एकच. चार फुटांची जागा घरात आज ठरलेली हवी. मनात ठरलेली नाही, जमिनीवर ठरलेली.

आपल्या खोलीत कुठे?

आता खरी मुंबई सुरू होते. 4 बाय 2 म्हणजे 8 चौरस फूट. बीडीडी चाळीची जुनी खोली 160 चौरस फुटांची. 160 तले 8 म्हणजे 5 टक्के. ऐकायला कमी वाटतं. पण ज्या घरात पाच माणसं झोपतात तिथे ते 8 फूट म्हणजे एका माणसाचं अंथरूण असतं. आपल्याकडे म्हणतात ना, अंथरूण पाहून पाय पसरावेत. सापाला पाय नसले तरी अंथरूण लागतंच.

पहिला विचार येतो पोटमाळ्याचा. नको. वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली एप्रिल-मे मध्ये पोटमाळा भट्टी होतो. कॉर्न स्नेकला गरम बाजूला 30 ते 32 अंश आणि थंड बाजूला 24 ते 26 अंश लागतात. परदेशातले व्हिडिओ बघून आपण हीट मॅट आणि दिव्यांच्या मागे लागतो. त्यांचा प्रश्न थंडीचा आहे, आपला बरोब्बर उलटा. मुंबईत गरम बाजू फुकट मिळते, थंड बाजू कमवावी लागते. 35 च्या वर पारा गेला तर सापाच्या जिवावर बेततं. आणि इथेच पुन्हा आकार येतो. दोन फुटांच्या टँकमध्ये एका टोकाला ऊब दिली की पंधरा मिनिटांत सगळा टँक गरम. पळायला जागाच नाही. चार फुटांत निदान दुसरं टोक वेगळं राहू शकतं. हीट मॅट लावायचीच असेल, डिसेंबर-जानेवारीत रात्री लागू शकते, तर थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. पोट भाजलेले साप असतात मंडळी, आणि ते ओरडत नाहीत.

खिडकीखालीही नको. काचेवर थेट ऊन आलं तर अर्ध्या तासात टँक तापतो.

मग कुठे? जमिनीजवळ, आतल्या भिंतीला लागून. आमच्याकडे सगळ्यात सोयीची जागा टीव्हीखालची. बऱ्याच घरांत टीव्हीखाली चार फुटांचं कपाट असतंच. त्याच्याऐवजी पेटी. फक्त टीव्ही भिंतीला टांगा आणि स्पीकर पेटीवर ठेवू नका. सापाला बाहेरून कान दिसत नसले तरी जमिनीतली थरथर त्याला जबड्यातून नीट कळते. लालबाग-परळच्या लोकांना वेगळं सांगायला नको. गणपतीचे दहा दिवस जमीन हलत असते. पेटीखाली जाड रबरी मॅट घाला, त्या दिवसांत समोर चादर टाका, आणि आगमन-विसर्जनाच्या दिवशी खायला घालू नका. खाल्ल्यावर बिथरला तर उलटून टाकतो.

मग पावसाळा. कॉर्न स्नेकला हवेतला ओलावा 40 ते 60 टक्के पुरतो. आपल्याकडे जुलैत 85 च्या पुढे. वरून झाकण असलेल्या फिश टँकमध्ये ती ओली हवा कोंडते, खालचं अंथरूण दमट राहतं, पोटाच्या खवल्यांना फोड येतात. म्हणून पेटीला दोन्ही बाजूंनी जाळी हवी. एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा फिरते. एरवी नारळाचा भुसा घालत असाल तर पावसाळ्यात साधा कागद घाला. रोज बदलता येतो. आपण रद्दी विकतो, त्यातली थोडी बाजूला काढायची, एवढंच.

काच की प्लाय?

वजनाचा हिशोब करा. 4 बाय 2 बाय 2 चा काचेचा टँक म्हणजे पाच बाजू मिळून 32 चौरस फूट काच. 6 मिलिमीटर जाडीची धरली तर साधारण 45 किलो. हा टँक चाळीच्या लाकडी जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचा आहे. वळणावर काय होतं ते ज्यांनी कपाट चढवलंय त्यांना विचारा.

त्यापेक्षा सुताराकडून पेटी करून घ्या. किचन ट्रॉलीला वापरतात तो पीव्हीसी बोर्ड उत्तम, पाण्याने फुगत नाही. प्लाय घेतला तर वॉटरप्रूफ घ्या आणि आतून सांधे सिलिकॉनने बंद करा. सिलिकॉनचा आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, आठ-दहा दिवस, साप आत सोडू नका. पुढून सरकत्या काचा लावा. वरून हात आला की सापाला तो घारीसारखा वाटतो. समोरून उघडणारी पेटी असली की तो लवकर सरावतो. शिवाय पेटीच्या डोक्यावर सामान ठेवता येतं. चाळीत ही फार मोठी गोष्ट आहे.

कुलूप हवंच. कॉर्न स्नेक पळण्यात पटाईत आहे. जिथे डोकं शिरतं तिथे पूर्ण साप शिरतो. सरकत्या काचांमधली फट बोटाने तपासा. आणि मोरीच्या पाइपाला जाळी लावा, आजच लावा. चाळीत साप सुटला तर तो तुमच्या घरात राहत नाही, तो गॅलरीत जातो. तिथे कुणी त्याला बिनविषारी म्हणून ओळखणार नाही. काठी आधी येईल. म्हणून शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, पेटी दाखवा. लपवून साप पाळायची जागा चाळ नाही. काही घडलंच तर वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा.

आणखी एक मोजमाप: तो आला कुठून?

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून 11 साप पकडले. 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक. कशात होते? बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत. आपण इथे चार फूट की पाच फूट यावर बोलतोय, आणि ते बिस्किटाच्या पाकिटात.

कायद्याचं थोडक्यात सांगते. भारतातले साप, धामण असो, तस्कर असो की नाग, घरात पाळता येत नाहीत. ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. सापडलं म्हणून पिल्लू ठेवून घेणं हाही गुन्हाच. परदेशी प्राण्यांपैकी जे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातल्या यादीत आहेत, त्यांची 2022 च्या दुरुस्तीनंतर नोंदणी करावी लागते. बॉल पायथन त्या यादीत आहे. कॉर्न स्नेक नाही. पण म्हणून कसाही आणलेला चालतो असं नाही. परवान्याशिवाय जिवंत प्राणी देशात आणणं बेकायदाच. त्यामुळे देणाऱ्याला विचारा, हा इथे जन्मलेला आहे का, आई-बाप कुठे आहेत, दाखवशील का, पावती देशील का. तो गडबडला तर नमस्कार करून निघा.

तर, लालबागच्या मित्रा

तुझा टँक दोन फुटांचा आहे. पिल्लाला वर्षभर चालेल. त्यापुढे नाही.

पिल्लाला हो म्हणायच्या आधी एक कर. खडू घे. खोलीत जिथे पेटी ठेवायची आहे तिथे 4 बाय 2 चा चौकोन आख. त्यावर पुठ्ठ्याचे खोके रचून दोन फूट उंची कर. आणि 15 दिवस तसंच राहू दे. आजी रात्री उठते तेव्हा तिला अडखळायला होतं का बघ. बहीण अभ्यासाला कुठे बसते बघ. पाहुणे आले तर खोके कोण हलवतं ते बघ. 15 दिवसांनी खोके जागेवर असतील आणि घरात कुणाची कुरकुर नसेल, तर सुताराला बोलव. पेटी आधी, साप नंतर. आणि आईला फ्रीजरमधल्या उंदरांबद्दलही आत्ताच सांग. ते नंतर सांगायचं प्रकरण नाही.

खोके तिसऱ्याच दिवशी पोटमाळ्यावर गेले, तर तुला उत्तर मिळालं. त्यात कमीपणा काही नाही. साप 20 वर्षं जगतो. तू 39 चा होशील. तेव्हा तुझी स्वतःची जागा असेल, कदाचित मोठी असेल. साप तेव्हाही मिळेल.

माझ्या मक्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मोजमाप झाल्यावर मी आईला म्हटलं, मला चार फूट जागा हवी. आईने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "मशीन काढते मी." त्या मशीनवर ती ब्लाऊज शिवायची. आमचं अर्धं घर त्यावर चालायचं. ती खरंच काढायला निघाली होती, पायपेटीवरचं कापड घडी करून ठेवलं होतं तिने. तेव्हा मला कळलं की मी हा साप दुसऱ्याच्या जागेवर पाळतेय.

महिनाभरात मका बदलापूरला गेला, माझ्या एका मैत्रिणीकडे. तिच्याकडे पाच फुटांची पेटी होती, आत फांदी होती. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा संध्याकाळ होती. मका फांदीवर होता. अख्खा. डोक्यापासून शेपटीपर्यंत एका रेषेत पसरलेला, जरासुद्धा न हलता. मी मैत्रिणीला विचारलं, "याला बरं नाहीये का?" कारण मी त्याला असं कधी पाहिलंच नव्हतं. ती म्हणाली, "अगं, तो रोज असाच पडतो."

तो अजून आहे. आई अजून शिवते. आणि ती फट अजूनही दोन फुटांचीच आहे, तिथे आता मी झाडांच्या कुंड्या ठेवल्यात.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या घरातले चौकोन आखून झाले की कळवा, फोटो पाठवा, खोके हलले की नाही तेही प्रामाणिकपणे सांगा. भेटू पुढच्या भागात. पावसात सांभाळून राहा. नमस्कार.